तीन रजिस्टरं एका टेबलावर आणा

पांढुर्ण्याचे कलेक्टर साहेब, वनमंडळाचे डीएफओ साहेब, वीज कंपनीचे अधिकारी, सौंसर आणि पांढुर्ण्याचे तहसीलदार, आणि ज्यांच्या धुऱ्याला जंगल लागून आहे असे नांदनवाडीपासून रामाकोन्यापर्यंतचे सगळे शेतकरी, हा इशारा तुम्हां सर्वांना मिळून आहे. साहेबांना एक पंगत आणि शेतकऱ्याला दुसरी असं यात केलेलं नाही. विनंत्या करून झाल्या. त्यांना आवक क्रमांक पडले, काहींना उत्तरंही आली, ‘नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल’ एवढीच. आता मुदत घालून बोलावं लागणार, म्हणून जाहीर लिहितो आहे.

आधी जंगल कुठलं ते सांगतो. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यान नाही. गेट नाही, जिप्सी नाही, सफारीचं तिकीट नाही. म्हणून भोपाळच्या लेखी आपलं जंगल म्हणजे लाकूडफाटा आणि तेंदूपत्ता. पण नकाशा उघडून बघा. सौंसरच्या पूर्वेला पेंच, उत्तरेला पचमढीच्या अंगाने सातपुडा, पश्चिमेला बैतूल ओलांडलं की मेळघाट. या तीन व्याघ्र प्रकल्पांच्या मधोमध सिल्लेवानी, लावाघोगरी, अंबाडा, कन्हान या रेंजचं जंगल पडलं आहे. ज्याला आपण आजवर दक्षिण छिंदवाडा वनमंडळ म्हणत आलो, ते हेच. त्याच्या पोटात आपली शेतं आहेत. पेंचच्या वाघाला सातपुड्याकडे किंवा मेळघाटाकडे जायचं झालं तर त्याची वाट आपल्या पऱ्हाटीतून आणि संत्र्याच्या बगीच्यामागून जाते. ही कवीकल्पना नव्हे. सातपुडा, मेळघाट, पेंच आणि कान्हा या चार ठिकाणच्या वाघांची विष्ठा गोळा करून शास्त्रज्ञांनी जनुकं तपासली आणि २०१३ साली निष्कर्ष छापला, की हे वाघ मधल्या जंगलपट्ट्यांमुळेच एकमेकांशी जोडलेले राहिले. मधली जंगलं म्हणजे आपली. भारतीय वन्यजीव संस्था आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०१४ साली देशातल्या ३२ मुख्य भ्रमणमार्गांचे नकाशे काढले, त्यातही पेंच-सातपुडा-मेळघाट ही वाट आहे.

आणि वाटसरू वाढले आहेत. मध्य प्रदेशात २०१० साली २५७ वाघ मोजले गेले होते, २०१४ साली ३०८, २०१८ साली ५२६ आणि २०२२ साली ७८५. पेंचचा आपल्या राज्यातला गाभा आहे ४११ चौरस किलोमीटर, आणि तो काही वाढत नाही. दोनेक वर्षांचं नर पिल्लू आईपासून सुटलं की त्याला दुसरा मुलूख शोधावाच लागतो. २०१८ च्या ऑक्टोबरात असाच एक वाघ विदर्भातून निघाला. धामणगाव रेल्वेच्या परिसरात त्याने दोन माणसं मारली, पुढे अमरावती जिल्हा ओलांडून तो बैतूलमध्ये शिरला आणि डिसेंबरात सारणीजवळ पकडला गेला. अखेर तो भोपाळच्या वनविहारात गेला. त्या दिवसांत दोन राज्यांची पथकं त्याच्या मागे धावली. पण वाघ कुठून येतो, कुठल्या नाल्याने उतरतो, कुठल्या महिन्यात येतो हे आधीच ठाऊक असणं ही निराळी तयारी असते. ती आपल्याकडे आहे का? असेल तर दाखवा.

कायदा आडवा येतो म्हणाल, तर तो आपल्या बाजूने आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ साली दुरुस्ती होऊन कलम ३८ च्या पुढे नवी कलमं आली. त्यांत व्याघ्र प्रकल्पाबरोबरच दोन प्रकल्पांना जोडणाऱ्या भागाचंही नाव आहे. असा भाग पर्यावरणाला न झेपणाऱ्या कामासाठी वळवायचा असेल तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मंजुरी लागते. शिवाय जोडणाऱ्या भागातल्या लोकांच्या पोटापाण्याचा विचार व्याघ्र संवर्धन आराखड्यात असलाच पाहिजे, असंही तोच कायदा म्हणतो. म्हणजे आम्ही भीक मागत नाही. कायद्यात लिहिलेलं वाचून दाखवतो आहोत.

आता मुद्द्यावर येतो.

आपल्या जिल्ह्यात जंगलाची खबर तीन रजिस्टरांत पडते आणि ती तीन रजिस्टरं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. रानडुकरांनी भुईमूग उकरला, रोह्यांनी हरभरा खुडला, की शेतकरी जातो पटवाऱ्याकडे. मध्य प्रदेशात पिकाचं नुकसान महसूल खातं बघतं, राजस्व पुस्तक परिपत्र ६(४) प्रमाणे. ते झालं पहिलं रजिस्टर, तहसीलमध्ये. वाघाने किंवा बिबट्याने गाय मारली की खबर जाते नाकेदाराकडे, तो पंचनामा करतो, कागद रेंज ऑफिसात जातो. ते दुसरं. आणि रात्री दीड वाजता अकरा केव्हीचा फीडर ट्रिप झाला, पुन्हा चालू झाला, पुन्हा ट्रिप झाला, की वेळ पडते वीज उपकेंद्राच्या लॉगबुकात. ते तिसरं.

समजा, एखाद्या गावात सप्टेंबरपासून मक्याच्या नुकसानीचे अर्ज वाढले. ऑक्टोबरात त्याच गावावरचा फीडर रात्री-बेरात्री ट्रिप होऊ लागला, म्हणजे कुणीतरी धुऱ्यावरच्या तारेत चोरून करंट सोडू लागला. नोव्हेंबरात त्याच शिवारात बिबट मेलेला सापडला. तिन्ही कागद शेजारी ठेवले तर शाळेतलं पोरगंसुद्धा सांगेल की सप्टेंबरात काय करायला हवं होतं. पण पहिला कागद महसुलाचा, दुसरा वीज कंपनीचा, तिसरा वनखात्याचा. नोव्हेंबरात वनखातं पंचनामा करतं, एखाद्याला अटक करतं, फोटो काढतं, आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरात मक्याच्या अर्जांचा नवा गठ्ठा तहसीलमध्ये जमू लागतो. महाराष्ट्रात निदान पीकनुकसानीचं प्रकरण वनखात्याकडेच असतं. कोणत्या गावात रान शेतात उतरतंय हे त्या खात्याला बसल्या जागी कळू शकतं. आपल्या वनखात्याला ते कळायचं तर पटवाऱ्याला फोन करावा लागेल. तो फोन कोण करतो?

कागदांवर बोललो, आता तारेवर बोलतो, कारण इथे शेतकऱ्याला इशारा आहे.

तार कशी लावतात हे साहेबांना पंचनाम्यातून ठाऊक असेल, गावाला मात्र डोळ्यांनी ठाऊक आहे. धुऱ्याच्या कडेने हात-सव्वा हात उंचीच्या बांबूच्या खुंट्या. खुंटीच्या डोक्याला तार बांबूला टेकू नये म्हणून प्लास्टिकच्या नळीचा तुकडा किंवा फुटक्या बाटलीचं मानगूट. त्यातून ओढलेली बारीक जीआय तार, दिवसा गवतात दिसतही नाही. अंधार पडला की एक लांब बांबू, त्याच्या टोकाला आकडा, आणि आकडा वरच्या लाइनीवर. पहाटे उजाडायच्या आत सगळं गुंडाळून खोपडीत. रानडुक्कर मेलं तर मेलं. पण त्या तारेला डुक्कर आणि वाघ यातला फरक कळत नाही, आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारचा सालगडीही कळत नाही. अशा तारांनी या राज्यात वाघ मेले आहेत, बिबटे मेले आहेत, माणसं मेली आहेत. अनुसूची एकमधलं जनावर मारल्याची शिक्षा ३ ते ७ वर्षं आहे. वीजचोरीचा गुन्हा वेगळा, माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा वेगळा.

मला शेतकऱ्याची बाजू कळत नाही असं कुणी समजू नये. डिसेंबराच्या थंडीत मांडवावर बसून डबा वाजवत जागल करणाऱ्याला वाघ वाचवण्याची भाषणं ऐकवणारे लोक मला आवडत नाहीत. संत्र्याचं कलम लावल्यापासून पहिलं चांगलं फळ हाती यायला पाच-सहा वर्षं लागतात. त्या कलमाला तिसऱ्या वर्षी रोह्याने अंग घासून मोडलं, तर मुआवजा कुठल्या वर्षाचा देणार आणि कुठल्या दराने? कापसाचं नुकसान एका हंगामाचं असतं. बगीच्याचं नुकसान पोराच्या शिक्षणापर्यंत जातं. तरीही तार काढावीच लागेल. बाजू कळते म्हणजे माफी मिळते असं नाही.

मेलेल्या गाईचंही तसंच. गोठ्याजवळ किंवा चराईत जनावर मारलं गेलं की अठ्ठेचाळीस तासांच्या आत खबर द्यायची, मढं जागचं हलवायचं नाही, नाकेदाराची वाट बघायची. मध्य प्रदेशाने २०१० साली लोकसेवा गॅरंटी अधिनियम आणला, देशात पहिला. वन्यप्राण्याने केलेल्या नुकसानीची भरपाई त्यात मुदतीसह आहे. मुदत पाळली जाते तिथे शेतकरी मढ्याजवळ थांबतो. पाळली जात नाही तिथे मढ्यावर कीटकनाशक टाकलं जातं, आणि दुसऱ्या रात्री खायला परतलेला वाघ तिथेच पडतो. भरपाईला उशीर आणि विषप्रयोग यांचं नातं रेंज ऑफिसातल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. मग कोणत्या बीटमध्ये प्रकरण किती दिवस रखडलं याची यादी रेंज ऑफिसच्या भिंतीवर का लागत नाही?

नोंदींवरून शिकत योजना बदलत जाण्याला बाहेर मोठं नाव आहे. हॉलिंग नावाच्या कॅनडातल्या शास्त्रज्ञाने १९७८ साली त्यावर ग्रंथ काढला. त्यातली गोष्ट मात्र आपल्या कोणत्याही जुन्या बागायतदाराला समजेल अशी आहे. निसर्गाबद्दल आपल्याला पूर्ण कळलेलं नसतं, म्हणून प्रत्येक योजना हा एक प्रयोग मानायचा, परिणाम मोजायचा, आणि पुढच्या हंगामात योजना बदलायची. बागायतदार असंच करतो. आंब्या बहाराला पाणी कमी पडलं तर पुढच्या वर्षी तो मृग धरतो. ‘दहा वर्षांची कार्य आयोजना मंजूर आहे’ असं झाडाला सांगत बसत नाही. आपल्या प्रादेशिक वनमंडळाची कार्य आयोजना दहा वर्षांची असते. दहा वर्षांत या राज्याचे वाघ दुपटीहून जास्त झाले, जिल्हा नवा झाला, नागपूर-छिंदवाडा छोटी रेल्वेलाइन जाऊन मोठी आली, मक्याचा पेरा वाढला. आयोजनेत पाणवठे किती, रोपवन किती, ते सगळं आहे. शिकायचं कधी आणि कुणाकडून, त्याचा रकाना दिसत नाही.

खात्याला शिकता येत नाही असं मी म्हणणार नाही, उलट खातं शिकतं त्याचे दाखले याच राज्यात आहेत. पन्ना घ्या. तिथले वाघ संपत चालल्याचे इशारे अनेक वर्षं दिले गेले, खातं नाकारत राहिलं, आणि २००९ साली पन्न्यात एकही वाघ उरला नाही. मग खात्याने कूस बदलली. बांधवगड आणि कान्ह्यातून वाघिणी आणल्या, आणि नर नेला तो आपल्या पेंचमधून. त्याचं नाव टी-३. नोव्हेंबरात सोडला तर गडी पन्न्यात रमेना. दक्षिणेला, घराच्या दिशेने निघाला. रेडिओ कॉलर होती म्हणून माग काढता आला. सत्तरेक माणसं आणि चार हत्ती त्याच्या मागे महिनाभर, नाताळच्या दिवशी तो पुन्हा बेशुद्ध करून पन्न्यात आणला. १६ एप्रिल २०१० ला त्याची पहिली पिल्लं जन्मली. आज पन्न्यात वाघ आहेत ते त्या शिकण्यामुळे. पण शिकायची फी काय पडली? एक अख्खा प्रकल्प रिकामा झाल्यावर खातं शाळेत गेलं. सौंसर-पांढुर्ण्याच्या वाटेवर अशी फी भरायला आम्ही तयार नाही.

राजस्थानातल्या सरिस्काचंही तेच झालं. तिथले वाघ नाहीसे झाल्याचं २००५ साली उघड झालं, कृतिदल बसलं, पंजाच्या ठशांवरून वाघ मोजण्याची जुनी पद्धत गेली आणि कॅमेरे लागले. २००६ पासून दर चार वर्षांनी व्याघ्र प्रकल्पांच्या व्यवस्थापनाची परीक्षा होते. २०२२ च्या फेरीत ५१ प्रकल्प बसले. केरळचं पेरियार पहिलं आलं आणि आपला सातपुडा त्याच्या पाठोपाठ, नव्वदीच्या वर गुण घेऊन. अभिनंदन. पण त्याच सातपुड्याचे वाघ ज्या जंगलातून पेंचला जातात त्या प्रादेशिक वनमंडळाला या परीक्षेचा आसन क्रमांकच मिळत नाही. पेंचमध्ये चूक झाली तर दिल्लीची समिती गुण कापते. सिल्लेवानीत चूक झाली तर कोण कापतं? नाकेदाराच्या हातात मोबाइल आहे, त्यात गस्तीची वाट नोंदवली जाते, हे खरं. ती नोंद वर जाते. खाली परत काय येतं ते नाकेदारालाच विचारा, मी त्याच्या नोकरीवर गदा आणू इच्छित नाही.

रस्त्याचा धडाही घरापासून लांब नाही. नागपूर-सिवनी रस्त्यावर, म्हणजे आताच्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, चौपदरीकरण पेंचच्या जंगलात कितीतरी वर्षं अडलं. कोर्टकज्जे झाले. शेवटी रस्ता उचलून खालून जनावरांसाठी वाट ठेवली गेली; महाराष्ट्राच्या हद्दीतला सर्वांत लांब पूल ७५० मीटरचा आहे. खाली कॅमेरे लावले तर वाघांसह नाना जनावरं तिथून जाताना दिसली. शिकलेली गोष्ट छापून ठेवली आहे, फुकट मिळते. आता सौंसरहून छिंदवाड्याला सिल्लेवानी घाटातून जाणारा रस्ता, नागपूरहून पांढुर्ण्यावरून बैतूलला जाणारा महामार्ग ४७, आणि घाटातून गेलेली नवी मोठी रेल्वेलाइन, या तिघांवर रात्री कुठे कोणतं जनावर ओलांडतं याचा वर्षभराचा तक्ता जाहीर करा. रस्त्यावर मेलेल्या सायाळीपासून बिबट्यापर्यंत. किलोमीटरच्या दगडासकट.

आगीचं तर काय सांगावं. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मोहाखाली पाचोळा साचतो. फूल पहाटे गळतं, पिवळसर, रसाळ, वाळल्या पानांत हरवून जातं. म्हणून आदल्या दिवशी झाडाखालचा पाचोळा पेटवून जमीन झाडून ठेवायची, ही पिढ्यांची रीत. गोंड आयाबाया सूर्य उगवायच्या आत टोपली घेऊन बसतात, आणि त्या फुलांवर कित्येक घरांचा उन्हाळा निघतो. आग झाडाखालीच राहिली तर कुणाचं काही बिघडत नाही. वारा उलटला की डोंगर जातो. तेंदूला नवा कोवळा पाला फुटावा म्हणूनही काडी लावली जाते. तेंदूपत्त्याचा व्यापार या राज्याने १९६४ सालीच सरकारी केला, तरी काडी काही सरकारी झाली नाही. उपग्रहातून आगीचा ठिपका दिसतो, वनखात्याच्या मोबाइलवर संदेश येतो, माणसं फांद्या घेऊन विझवायला धावतात. दुसऱ्या वर्षी त्याच नाल्यात पुन्हा तोच ठिपका. आग गेल्यावर तिथे रायमुनिया माजते, चारा जातो, चारा गेला की रोही धुऱ्यावर येतो. पुन्हा पटवाऱ्याचं रजिस्टर उघडतं. पाच वर्षांचे ठिपके एका नकाशावर ठेवून, ज्यांच्या मोहाखाली ते पडले त्या घरांना बोलावून, झाडाखाली जाळी अंथरण्याचा किंवा पाचोळा ओढून काढण्याचा प्रयोग पाच गावांत करून बघायला कोणाची मंजुरी लागते? करून बघा, फसला तर सांगा फसला.

विदर्भातल्या आपल्याच माणसांनी हे करून दाखवलं आहे. गडचिरोलीत धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून गावात अभ्यासगट चालत होता. मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून येऊन बसत, देवाजी तोफा गावातून, आणि एखादा प्रश्न घेऊन लोक तो पुन्हा पुन्हा कुटत राहत. निर्णय सर्वसहमतीने. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने हक्क मिळाल्यावर बांबूवर भर दिला आणि तेंदूपत्ता तोडणंच थांबवलं. का, तर त्यापायी फांद्या छाटल्या जातात आणि आगी लागतात. हातची रोख मजुरी सोडून दिली त्या गावाने, स्वतःच्या डोक्याने. अचलपूरकडचं पायविहीर तर आपल्यापासून फार दूरही नाही. या गावांकडे आपल्या वनसमित्यांचे अध्यक्ष आजवर कधी पाठवले? १९९१ पासून या राज्यात संयुक्त वन व्यवस्थापन आहे. समिती आहे, अध्यक्ष आहे, शिक्का आहे. बैठकीचा विषय मात्र वरून येतो, आणि इतिवृत्त कधीकधी बैठकीच्या आधीच तयार असतं.

वरून आलेल्या उपायांचं काय होतं ते पांढुर्ण्याला कुणी शिकवू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवरून दगड मारायच्या गोटमारीत डोकी फुटतात म्हणून प्रशासनाने एकदा जाम नदीवर दगडांऐवजी रबरी चेंडू आणून टाकले होते. हेतू चांगलाच होता. पुढे काय झालं हे दोन्ही काठ जाणतात. गोटमारीचं मी समर्थन करत नाही. पण लोकांना न विचारता आणलेला उपाय त्या नदीत वाहून गेला, हे प्रशासनाने विसरू नये.

दोन राज्यांची सबब तर मुळीच चालणार नाही. १० मे २०२५ ला भोपाळमध्ये दोन्ही मुख्यमंत्री शेजारी बसले आणि तापीच्या पाण्याच्या करारावर सह्या झाल्या. पाण्यासाठी बसता येतं तर वाघ, वणवा आणि रानडुकरासाठीही बसता येईल. सौंसर-पांढुर्ण्याचे रेंजर आणि पलीकडचे सावनेर, नरखेड, वरुडचे वनाधिकारी यांची बैठक दर तीन महिन्यांनी झाली तर खर्च चहाचा. दोन्हीकडचे शेतकरी एकमेकांचे सोयरे आहेत, लग्नात भेटतात आणि वाघाची बातमी आधी तिथेच कळते. आणि शाजापूरचे काळवीट-रोही पकडण्यासाठी २०२५ साली हेलिकॉप्टर उतरवणाऱ्या सरकारला आमच्या धुऱ्यासाठी सौर कुंपणाचं अनुदान जड होऊ नये.

तेव्हा मुदत ऐका.

येत्या होळीच्या आत आगीचे गेल्या पाच वर्षांचे ठिपके गावनिहाय ग्रामपंचायतीत लावा आणि मोहाच्या गावांत बैठक घ्या. बैठक गावात, संध्याकाळी, मजुरीहून लोक परतल्यावर. तालुक्याला दुपारी बारा वाजता नव्हे.

येत्या पोळ्याच्या आत कलेक्टर साहेबांनी तहसील, वनमंडळ आणि वीज कंपनी यांची तिन्ही रजिस्टरं एका टेबलावर आणावीत. गाव, महिना, नुकसान, भरपाईला लागलेले दिवस, फीडर ट्रिप, मेलेलं जनावर, असा एकच तक्ता. पुढे दर तीन महिन्यांनी तो जाहीर व्हावा, आणि त्याखाली एक ओळ: यावरून आम्ही काय बदललं. ती ओळ रिकामी राहिली तर रिकामीच छापा, लाज वाटेपर्यंत. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे अशी माहिती तुम्ही स्वतःहून द्यायची असते, आम्ही मागायची नसते.

हे झालं नाही तर आम्ही रास्ता रोको करणार नाही. रेंज ऑफिसला कुलूप ठोकणार नाही, नाकेदाराला घेराव घालणार नाही; तो बिचारा आपल्यासारखाच रात्री जंगलात असतो. करायचं ते गोटमारीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात करू. प्रत्येक गावातून एकाच दिवशी तिन्ही कचेऱ्यांत माहितीचा अर्ज पडेल. तीस दिवस मोजू. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांत गावांनी स्वतः लिहिलेलं रजिस्टर वाचलं जाईल आणि ठराव होईल. तो ठराव, आमचं रजिस्टर आणि तुमची उत्तरं, किंवा उत्तर न आल्याच्या पोचपावत्या, हे सगळं जोडून जबलपूरच्या उच्च न्यायालयात आणि भोपाळच्या हरित न्यायाधिकरणात अर्ज जाईल. त्यात खात्याचं नुसतं नाव राहणार नाही, कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर कागद थांबला तेही राहील.

शेतकरी भावांनो, त्या गावच्या रजिस्टरात तुमच्या तारेचीही नोंद होईल. ज्याच्या धुऱ्यावर करंट सापडेल त्याला गाव पाठीशी घालणार नाही. ज्याचा मुआवजा अडला असेल त्याच्यासाठी गाव तहसीलच्या पायरीवर बसेल. दोन्ही एकाच वहीत, एकाच अक्षरात. वही आणायला पोळ्याची वाट बघू नका. कुठल्या तारखेला काय शेतात उतरलं, किती वाजता, कुठल्या बाजूने, एवढं आजपासून लिहायला लागा. आणि धुऱ्यावरची तार आज रात्रीच काढा.